काका, तुमच्या दुकानातल्या त्या लाकडी बाकाचे आभार

प्रिय काका,

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नवीन इस्टेट एजंट मुलंमुली वाचतील त्यांनाही उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या इस्टेट एजन्सीच्या दुकानात आले तेव्हा मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती, नोकरी सोडून पाच वर्षं झालेली, आणि कोणीतरी सांगितलेलं की इस्टेटीच्या धंद्यात एक डील झालं की वर्षाचा पगार सुटतो. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "सहा महिने एक रुपया आला नाही तर घर चालेल का?" मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. पण माझं पहिलं फ्लॅटचं बुकिंग झालं त्यानंतर अॅग्रीमेंट रजिस्टर होऊन बिल्डरकडून ब्रोकरेज हातात पडेपर्यंत चार महिने गेले, आणि तो प्रश्न विचारला नसतात तर मी मधेच सोडून दिलं असतं.

म्हणून तुम्ही मला आधी भाड्याच्या घरांवर बसवलंत. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स भाडेकरार, ऑनलाइन नोंदणी, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन, ठसे घ्यायचं ते छोटं मशीन घेऊन आजीआजोबांच्या घरी जायचं, आजींचे अंगठे घासून गेलेले असले की दहादा बोट ठेवायला लागायचं. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मिळायचं, पण त्यातून घरमालक ओळखीचे झाले, वॉचमन ओळखीचे झाले, कुठल्या सोसायटीत टँकर येतो ते कळलं. माझी पहिली दोन्ही रिसेल (जुन्या घरांच्या विक्रीची) डील्स याच घरमालकांकडून आली. वाकड, हिंजवडी, बाणेर सगळीकडे लीड्सच्या (चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या) मागे पळणाऱ्या मुलांना मला हेच सांगावंसं वाटतं की आधी एक भाग धरा, अगदी दोन किलोमीटरचा असला तरी चालेल, पण त्यातली बिल्डिंग न् बिल्डिंग पाठ असू द्या.

रेराचंही (घरविक्रीवरच्या कायद्याचं) तसंच. मी म्हणलं होतं, मी भाडं आणि रिसेलच करते, मला कशाला लागतंय. तुम्ही म्हणालात नवीन प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायचा तर महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच, आणि आता तर ट्रेनिंग आणि परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट पण सक्तीचं आहे, तर आत्ताच करून टाक. आधीच्या एजंट लोकांनाही १ जानेवारी २०२४ पर्यंत ते घ्यायला लागलंच ना. फीचे १०,००० तेव्हा जड गेले, पण नोंदणी पाच वर्षांची आहे, आणि अभ्यास करताना कार्पेट एरिया (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) म्हणजे नक्की काय हे मला पहिल्यांदा नीट कळलं. आता पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, "साडेनऊशे स्क्वेअर फूट ना?" विचारलं की मी आधी कार्पेट सांगते, मग बाकीचं.

पण ज्यासाठी मी तुमची कायम ऋणी राहीन ते वडगावच्या त्या टू बीएचकेचं. पार्टी तयार, ५१,००० टोकन (सौदा धरायची आगाऊ रक्कम) द्यायला चेकबुक घेऊन आलेली, मी घरी सांगून पण टाकलेलं. तुम्ही चष्मा वर करून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघितलंत आणि फक्त विचारलंत, "यांच्या बहिणी किती?" विकणाऱ्याचे वडील गेलेले, सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं, आणि दोन बहिणींना विक्रीचा पत्ताच नव्हता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बहिणींचाही हक्क असू शकतो, हे तुम्ही मला त्या बाकावर बसवून अर्धा तास समजावलंत. मग म्हणालात, पार्टीला फोन कर, तू कर, मी करणार नाही. मी फोन केला तेव्हा हात थरथरत होता, तो महिना कोरडा गेला, घरी जाऊन रडले. चार महिन्यांनी त्याच पार्टीने मला स्वतःहून फोन केला आणि धायरीत दुसरा फ्लॅट माझ्याकडूनच घेतला, नंतर त्यांच्या मेव्हण्यानेही.

तेव्हापासून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि सोसायटीचे कागद बघितल्याशिवाय मी कोणाला घर दाखवायलाच नेत नाही. आणि टोकनचा चेक थेट मालकाच्याच नावाने, माझ्या खात्यात काही नाही, हेही तुमचंच.

तुमची ती लांब वही, दर पार्टीला एक पान, त्यात बजेटच्या खाली "आईंना गुडघेदुखी, दुसऱ्या मजल्याच्या वर लिफ्टशिवाय नको" असं लाल पेनाने लिहिलेलं, ती बघून मी पण वही केली. लिफ्टमधून उतरताना बायको किंवा आई जे हळू आवाजात बोलते ते लिहून ठेव, म्हणाला होतात. माझ्या वहीत आता ८७ पानं भरलीत.

काकूंनाही थँक्यू सांगा, माझी लेक शाळा सुटल्यावर किती दुपारी तुमच्याकडे वरण-भात जेवून झोपलीये त्याचा हिशोब नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला येते. आनंदनगरला दोन फ्लॅट आलेत, किचनचा नळ उघडून बघायचाय, तेव्हाच पाण्याचं प्रेशर खरं कळतं असं तुम्हीच म्हणता, तर तुम्ही सोबत चला.

तुमची,
बाकावरची विद्यार्थिनी