चि. मुक्तास: दुरुस्तीच्या चौकटीविषयी

कराड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज अगदी बसलेला होता, म्हणून मी फारसे बोललो नाही. शिवाय तुझी आई शेजारी उभी राहून ‘नोकरी सोड म्हणावं’ असे खुणावत होती. विसर्जन मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींवरचा तुझा लेख मी दोनदा वाचला होता. आता त्यावरून अंकांची होळी झाली आणि साहेब तुझ्याकडे दिलगिरीच्या चार ओळी मागत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळेत असताना तू आपल्या टेंभूच्या आगरकरांवर भाषण केलेस, तेव्हा त्यांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली एवढेच मी तुला सांगितले होते. त्याआधीची गोष्ट राहून गेली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर, ते तेथील तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप केला, आणि ज्या पत्रांच्या आधारावर तो केला ती पत्रेच बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही खटला चालला आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आगरकर विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहीत होते, संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या कायद्याची बाजू घेत होते, इतकेच काय, स्त्रियांनी जाकिटे घालावीत हेही ठासून सांगत होते. त्यापायी पुण्यातील सनातन्यांनी त्यांची तिरडी मिरवली, पण त्यांनी मते मागे घेतली नाहीत. माणूस तोच. बनावट पत्रांबद्दल त्याने मान खाली घातली, मतांबद्दल घातली नाही. मला तिरडीपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते, पण शाळेच्या भाषणात ती कोणी सांगत नाही.

मी साप्ताहिकात प्रुफे तपासत होतो तेव्हा कारखान्याच्या निवडणुकीवरचा एक अग्रलेख असाच अंगाशी आला. गठ्ठे स्टँडवरच जाळले. सुतळीचे जळके तुकडे सकाळी मीच गोळा केले. पुढच्या अंकात ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ अशी दोन ओळींची चौकट आली. तिचे प्रूफ मीच तपासले होते, आणि तरी चहाच्या टपरीवर लोक विचारत, ‘म्हणजे नक्की काय खोटं होतं त्यात?’, तेव्हा मला उत्तर देता येत नसे. मार्च २०१६ मध्ये ‘लोकसत्ता’ने मदर तेरेसांवरचा ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख छापून आल्यावर लगेच मागे घेतला, तेव्हा मला तीच टपरी आठवली. तो अग्रलेख मलाही पटला नव्हता. पण उत्तर देणारा दुसरा लेख छापला असता तर मला वाचायला काही मिळाले असते.

आता तुझ्याकडे येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमातच आहे, तेव्हा त्या परिच्छेदाला कोणी हात लावू शकत नाही. मात्र ज्या मंडळाला नोटीस आल्याचे तू लिहिलेस, त्याला ती आलीच नव्हती, हे तू काल हळूच कबूल केलेस. ती चूक आहे, आणि त्या पोरांचा राग तेवढ्यापुरता खरा आहे. उद्याच्या अंकात, लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, मंडळाचे नाव घेऊन दुरुस्ती दे. ‘अनवधानाने’ हा शब्द टाळ, कारण तू दूरध्वनी करून खात्री करायला हवी होती. मंडळाच्या अध्यक्षांना डीजेच्या बाजूने लिहायला सांग आणि ते जसेच्या तसे छापा. साहेब लेखाबद्दलच दिलगिरी मागत राहिले, तर त्यांना म्हणावे, कोणते वाक्य खोटे आहे ते पेन्सिलीने खूण करून द्या.

चौकटीचा मजकूर छापण्याआधी मला वाचून दाखव. प्रुफाची सवय अजून गेलेली नाही. आईला मात्र आधी फोन कर, ती कालपासून जेवलेली नाही.

तुझा,
बाबा