गिनी पिगच्या अंथरुणाचा हिशेब

पुणे,
आषाढातला रविवार

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऋचाच्या हट्टापुढे तुम्हा दोघांचे काही चालले नाही आणि चिपळूणच्या घरात दोन गिनी पिग मुक्कामाला आले, हे वाचून मला मनापासून हसू आले. तुझा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुकानातून मागवलेली कागदी बेडिंगची पिशवी एकदा पिंजऱ्यात पसरली की संपते आणि कुरिअरचा खर्च वेगळाच. मग गिरणीवर फुकट मिळणारे भाताचे तूस किंवा अंगणात पडून असलेला काथ्या का वापरू नये, असे तू विचारले आहेस. आमच्याकडे हे प्राणी बऱ्याच काळापासून असल्यामुळे या विषयावर मला जे ठामपणे सांगता येते, ते सविस्तर लिहिते.

आधी तुसाविषयी. कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस चालते म्हणून ते येथेही चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कोंबडीच्या पायावर जाड खवले असतात, तर गिनी पिगच्या तळव्यावर केससुद्धा नसतात. तुसात सिलिका असल्यामुळे ते कडक असते, त्याची टोके टोचतात आणि त्यात बारीक धूळही पुष्कळ असते. ओल्या, खरखरीत जागेवर सतत बसून या प्राण्यांचे तळवे आधी लाल होतात, मग सुजतात आणि पुढे त्यांत जखम होऊन जंतुसंसर्ग होतो. तो बरा व्हायला फार वेळ लागतो. शिवाय तूस पाणी फारसे शोषत नाही, म्हणजे ज्यासाठी ते पसरायचे तेच काम त्याच्याकडून होत नाही, आणि तुसात राहिलेल्या कण्या उंदरांना आमंत्रण देतात ते वेगळेच. काथ्याचे लांब तंतू पायाला गुंडाळले जातात. त्याचा भुसा कोरडा असताना उडतो, ओला झाला की तुमच्या हवेत लगेच बुरशी धरतो. भाताचा पेंढाही अंथरू नकोस, कारण त्याची ताठ काडी डोळ्यात जाऊ शकते.

सुताराकडच्या भुशाचा विचार भावोजींच्या मनात आला असेल तर तोही सोडून द्यावा. सुताराच्या दुकानात सागाचा, प्लायवुडचा आणि खोक्यांच्या पाइनचा भुसा एकत्र झाडला जातो. सागाची धूळ सुतारांनाही त्रास देते, प्लायवुडमध्ये डिंकाची रसायने असतात, आणि कच्च्या पाइनचा किंवा देवदाराचा जो वास आपल्याला प्रसन्न वाटतो, त्यातील द्रव्ये या लहान प्राण्यांच्या श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतात. भट्टीत वाळवून धूळ काढलेल्या लाकडी ढलप्या वेगळ्या, पण त्या आपल्याकडे स्वस्त मिळत नाहीत. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती तर घरातही आणू नकोस. गिनी पिग समोर येईल ते कुरतडून पाहतात आणि ती माती पोटात गेली तर आतडे तुंबू शकते.

आता मुख्य गोष्ट. अंथरुणाचा खर्च पिशवीवरच्या किमतीवरून मोजू नये, तर ती पिशवी कोठे पडते यावरून मोजावा. गिनी पिग दिवसभर गवत खातात, आणि खाता खाताच लघवी करतात व लेंड्या टाकतात. त्यामुळे पिंजऱ्यातील बहुतेक ओल दोन ठिकाणी साचते: गवताच्या जागी आणि त्यांच्या लपण्याच्या घरट्यात. दोघांना निदान साडेसात चौरस फूट जागा लागते, आणि तुझा पिंजरा त्याहून मोठा आहे, हे चांगलेच आहे. पण एवढ्या सगळ्या जागेवर विकतचे बेडिंग दोन इंच जाड पसरणे म्हणजे कोरड्या जागेवर पैसे ओतणे होय.

म्हणून असे कर. गवताच्या खाली कडा बेताच्या उंच असलेला एक रुंद प्लास्टिकचा ट्रे ठेव. त्याच्या तळाला वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घाल आणि त्यावर कागदी बेडिंग पसर. रोज एवढाच ट्रे रिकामा करायचा. जी पिशवी एका भरणीत संपत होती ती अशी कितीतरी जास्त पुरते. भावोजींच्या कार्यालयात कागद बारीक कातरणारे यंत्र असेल तर त्यातील साधा पांढरा कागद त्याच ट्रेमध्ये मिसळता येईल. मात्र चकचकीत कागद, चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना आधी वेचून काढाव्या लागतील. नुसते वर्तमानपत्र वरच्या थराला घालू नये, कारण ते थोडेच शोषते आणि वरून ओलेच राहते.

उरलेल्या सगळ्या जागेवर फ्लीसचे कापड अंथर. एसीच्या खोलीत पांघरायला जी हलकी पॉलिएस्टरची ब्लँकेटे मिळतात, तीच ही. बाजारात ती दोन-तीनशे रुपयांत सहज मिळतात. कापली तरी त्यांचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे शिवणकामाचा खर्च नाही. नवे कापड सुरुवातीला पाणी आत घेत नाही; ते गरम पाण्यात साबणाच्या पावडरीने काही वेळा धुवावे लागते. कपडे मऊ करणारे द्रावण मात्र कधीही घालू नये, त्याने कापडाच्या तंतूंवर थर बसतो. कापड तयार झाले की नाही हे पाहायला त्यावर चमचाभर पाणी टाक. थेंब वर तरंगत राहिला तर पुन्हा धू. पाणी झिरपून खाली गेले आणि वरचा भाग हाताला कोरडा लागला, म्हणजे काम झाले.

यावरून तुझ्या लक्षात येईल की फ्लीस स्वतः ओल साठवत नाही, ती खाली जाऊ देते, आणि म्हणून खाली शोषणारा थर हवाच. त्यासाठी जुने टर्किश टॉवेल उत्तम. जुन्या सुती साडीच्या सहा-आठ घड्याही चालतात, पण त्या फ्लीसखालीच राहिल्या पाहिजेत, कारण फाटक्या सुती कापडाचे धागे नखांत अडकतात आणि खाल्लेही जातात. सर्वांत खाली मेणकापड घाल. बाळांसाठी मिळणारे ड्राय शीट अनेक जण वर अंथरतात, ते मला पटत नाही. त्याच्या पाठीला पाणी न सोडणारा पडदा असल्यामुळे ओल तेथेच, प्राण्याच्या पोटाखाली राहते. मेणकापडाच्या जागी ते जरूर वापर.

तुमच्याकडे खरी अडचण आहे पावसाची. फ्लीस पंख्याखाली काही तासांत वाळते, पण टॉवेल दोन दिवस दमट राहतात, आणि दमट थर पुन्हा पिंजऱ्यात घालणे म्हणजे बुरशी घालणेच. म्हणून सप्टेंबरपर्यंत टॉवेलांना सुटी दे आणि त्यांच्या जागी रद्दीच्या जाड घड्या घालून त्या रोज फेकत जा. एरवी फ्लीसचे तीन संच पुरतात. चिपळूणला चार ठेव.

हा उपाय फुकटचा नाही, हेही सांगते. रोज सकाळ-संध्याकाळ लहान झाडू आणि सुपली घेऊन लेंड्या काढाव्याच लागतात, आणि तीन-चार दिवसांनी कापड बदलावे लागते. एवढे काम ऋचा करणार नसेल, आणि ते तुझ्याच अंगावर पडणार असेल, तर ते आधी ठरवून घ्या. धुण्यापूर्वी कापड बाहेर झटकून केस व गवत काढ आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून मग यंत्रात टाक, म्हणजे केसांनी जाळी तुंबणार नाही. ट्रेवर पांढरे डाग पडतील. यांच्या लघवीत चुन्याचे क्षार असतात, त्यामुळे ते साबणाने निघत नाहीत. पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून थोडा वेळ ठेवले की सुटतात.

अंथरूण पुरेसे स्वच्छ आहे की नाही, हे उभ्याने कळत नाही. लघवीतून सुटणारा अमोनिया अंथरुणालगतच सर्वांत तीव्र असतो आणि गिनी पिगचे नाक तेथेच असते. वाकून आपले नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्यायचे. डोळ्यांत किंचित जरी झोंबले तरी बदलण्याची वेळ होऊन गेली आहे असे समज. आठवड्यातून एकदा दोघांना मांडीवर घेऊन चारही तळवे पाहा आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून लिहून ठेव. वारंवार शिंका, नाकातून पाणी किंवा तळव्यावर लाली दिसली तर प्रथम अंथरूण बदल, पण डॉक्टरांकडे जाणे लांबवू नको. हे प्राणी आजार लपवतात आणि खाणे थांबले की एका दिवसात परिस्थिती हाताबाहेर जाते.

पिंजऱ्याची लांबी-रुंदी इंचांत कळव. आमच्याकडे धुऊन तयार केलेली दोन फ्लीस जादा आहेत. पुढच्या आठवड्यात भाऊ चिपळूणला येणार आहे, त्याच्याबरोबर ती मापाने कापून पाठवते. ऋचाला आशीर्वाद आणि भावोजींना नमस्कार.

तुझी,
अनघा