पद्मिनीची काच, बंपर आणि हरवलेली पट्टी

नमस्कार साहेब,

मार्चमध्ये आमची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी तुमच्याकडे दिली होती, पुढची काच बदलायला आणि बंपर अन् काचेच्या रबरातली पट्टी चकाचक करायला. जूनमध्ये गाडी मिळाली तेव्हा मस्त दिसत होती, नाही म्हणत नाही, बाबा तर तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. पण पहिल्याच पावसात सगळं उघडं पडलं.

काचेचं रबर वरच्या डाव्या कोपऱ्यात आखूड पडलंय, तिथे काळं सिलिकॉन फासून तुम्ही वेळ मारून नेलीत. पाणी डॅशबोर्डवरून थेट वायरिंगवर ठिबकायचं, अख्खा पावसाळा बाबांचा जुना पंचा कोंबून गाडी चालवली.

आणि काच! बिलावर लॅमिनेटेड, पैसेही त्याचेच. परवा पोलराइज्ड गॉगल लावून स्टिअरिंगवर बसलो तर काचभर ठिपकेच ठिपके, म्हटलं हे तर टफन्ड काचेचं लक्षण, खाली उतरून कोपऱ्यातला शिक्का वाचला तर टफन्डच निघाली. तुमचा माणूस फोनवर म्हणतो काच ती काच. अहो, दगड लागला तर लॅमिनेटेडला तडा जातो पण आतल्या फिल्ममुळे ती जागेवर राहते, ही अख्खी चुरा होऊन मांडीत येईल.

मागच्या बंपरला चार महिन्यांत फोड आलेत. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला आणि खाली सरळ गंज, ना तांबं ना निकेल. क्रोम वरवर चमकायला असतं, गंज अडवतं ते खालचं निकेल, आणि कोटेशनवर कॉपर-निकेल-क्रोम तुम्हीच लिहिलंय.

पण खरा राग पट्टीचा आहे. आमच्या पट्टीला उजव्या कोपऱ्याशी बारीक पोचा होता, लहानपणी माझाच बॉल लागलेला, तो काढू नका असं मी मुद्दाम सांगितलं होतं. आता जी बसवलीय तिला पोचा नाही आणि ती जोडावर बोटभर कमी पडते, म्हणजे आमची पट्टी ही नव्हेच. गाडी बनणं बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, ओरिजिनल पट्टी आता कुठून आणू?

१५ दिवसांत काच, रबर आणि बंपर बिलाप्रमाणे करून द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाईन, बिल, कोटेशन, फोटो सगळं जपून ठेवलंय. पट्टी मात्र आधी शोधा, पोच्यासकट.