गाडीवर स्वस्तिक का काढलं नाही

एसलिंगेन, जर्मनी,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला गाडीचे फोटो पाठवले आणि तेव्हापासून आईचे दोन प्रश्न चालू आहेत: स्वस्तिक का काढलं नाहीस आणि जुनी गाडी का घेतलीस? बाबांचा एकच, पण तो रोज: पेट्रोल का? फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मला बोलू देत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. दादूला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

गाडीची गरज का पडली ते आधी. गाव खाली नेकार नदीच्या काठाला आणि आमचं घर वर, द्राक्षमळ्यांच्याही वर. नाशिकच्या माणसांना द्राक्षांचं कौतुक काय सांगायचं, पण इथले मळे दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या चढावर लावलेत. बाबागाडी ढकलत तो चढ चढून बघा म्हणजे कळेल. पिल्लूच्या बालवाडीतून 'ताप आलाय, घेऊन जा' असा फोन आला की श्टुटगार्टहून लोकल पकडायची, खाली उतरायचं, बसची वाट बघायची. मागच्या हिवाळ्यात हे इतक्यांदा झालं की तुमचे जावई स्वतःच म्हणाले, आता घेऊनच टाकू.

पण गाडीच्या आधी लायसन्स. भारतातलं लायसन्स इथं राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्यानं. जपानच्या लायसन्सवाल्याला ही कटकट नाही, आपल्याला आहे. थिअरी इंग्रजीतून देता येते, त्यामुळे निभावली. प्रॅक्टिकलला शिकवणारा शेजारी बसतो आणि परीक्षक मागच्या सीटवर. लेन बदलायची असो की वळायचं असो, मान वळवून खांद्यावरून मागं बघायचंच, आरशात बघितलं एवढ्यानं भागत नाही. नाशिकला सीबीएसच्या चौकात पुढचं सांभाळता सांभाळता पुरेवाट व्हायची, मागं कोण बघतंय! आणि जिथं पाटीही नाही, सिग्नलही नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो सायकलवरचा शाळकरी पोरगा का असेना. बाबा, तुम्हाला हा देश आवडेल. हॉर्नला हात लावायची वेळच येत नाही.

तर जुनी का घेतली? इथं चांगल्या पगाराची माणसंही बिनदिक्कत जुनी गाडी घेतात, त्यात कमीपणा नाही. दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी होते, तिला सगळे 'ट्यूफ' म्हणतात. ब्रेक, दिवे, टायर, खालचा गंज, धूर, सगळं बघतात. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर लागतो: मधोमध वर्ष, आणि जो आकडा सगळ्यात वर येतो तो महिना. पुढची तपासणी कधी आहे हे रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतं. आपल्याकडच्या पीयूसीसारखा टपरीवरून आणलेला कागद नव्हे.

गाडी ज्यांच्याकडून घेतली ते आजोबा जवळच्याच एका खेड्यातले, वय बाबांएवढं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्वतःहून ड्रायव्हिंग सोडायचं ठरवलं. (बाबा, हे वाक्य दोनदा वाचा.) आम्ही गेलो तर आधी टेबलावर कॉफी आणि प्लमचा केक, आणि मग फाइल. २०१८ साली गाडी घेतल्यापासूनचं प्रत्येक बिल तारखेप्रमाणे भोकं पाडून लावलेलं. ऑइल बदललं, ब्रेक पॅड बदलले, अहो, वायपरच्या पात्यांचंसुद्धा बिल! गॅरेजमध्ये हिवाळ्याचे चार टायर उभे करून ठेवलेले आणि प्रत्येकावर पिवळ्या खडूनं दोन-दोन अक्षरं. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. कुठलं चाक कुठं होतं ते पुढच्या हंगामात कळावं म्हणून. बाबा, तुम्ही स्कूटरच्या स्टेपनीवर ऑइल पेंटनं तारीख घालायचात ना, तो हात मला तिथं दिसला. मी किंमत फारशी ओढून धरली नाही. साडेदहा हजार युरो. त्याला रुपयांनी गुणत बसू नका, इथला पगारही युरोतच येतो. मोटारवाल्यांची एडीएसी नावाची मोठी संघटना आहे, तिच्या छापील करारावर दोघांनी सह्या केल्या, पैसे बँकेतून गेले आणि आजोबांनी दोन्ही किल्ल्या आणि मालकीचा कागद हातात दिला. तो कागद गाडीत ठेवायचा नसतो. तो आता कपाटात आहे, आई, दागिन्यांच्या डब्याखाली.

गाडी स्कोडा फाबिया. आपल्या चाकणलाही बनायची तीच, फक्त हिची मागची बाजू लांबवलेली, त्यामुळे डिकी भलीमोठी. तुमच्या दोन बॅगा आणि आईचा पापड-कुरडयांचा खोका आरामात मावेल.

आता पेट्रोल. बाबा, तुमचं दुःख मला कळतं. माणसानं सातपूरला मायकोत, म्हणजे बॉशच्याच कंपनीत, उभं आयुष्य डिझेलच्या नोझलमध्ये घालवलं आणि पोरीनं बॉशच्या गावाशेजारी राहून पेट्रोल घेतली. (रॉबर्ट बॉशनी पहिलं वर्कशॉप १८८६ साली श्टुटगार्टमध्येच काढलं, ते इथून लोकलनं जवळ.) पण हिशोब बघा. इथं रोड टॅक्समध्ये इंजिनाच्या दर १०० सीसीमागे पेट्रोलला २ युरो आणि डिझेलला साडेनऊ. कार्बनचा भाग वेगळा. माझी गाडी हजार सीसीची. दुसरं, माझी रोजची चक्कर चार-पाच किलोमीटरची. एवढ्यात इंजिन धड तापत नाही, डिझेलच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच आहे. आणि तिसरं, हवा इतकी खराब झाली होती की श्टुटगार्टनं २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना, म्हणजे धुराच्या 'युरो ४' मानकाच्या आणि त्याखालच्यांना, शहरात बंदीच केली. ज्या शहराचं पोट मोटारींवर, त्यानंच! आजच्या युरो ६ला बंदी नाही, पण उद्याची हमी कोण देणार? तुमच्या नोझलबद्दल माझ्या मनात काही नाही. काही असेल तर ते या चढावाच्या छोट्या चकरांबद्दल आहे.

आई, आता तुझं. पण त्याआधी नंबरप्लेटची गोष्ट, कारण दोन्हीचं मूळ एकच.

इथं साधारण तेरा युरो जास्त भरले की आपल्याला हवा तो नंबर मिळतो. गावाची अक्षरं ठरलेली, आमची 'ईएस'. पुढची एक-दोन अक्षरं आणि आकडे आपल्या मर्जीचे. मला तुम्हा दोघांची आद्याक्षरं हवी होती: आईचा 'एस', बाबांचा 'ए', आणि पुढं लग्नाचं साल, ८४. आधी आई, मग बाबा, असं मुद्दाम. संगणक ती जोडी घेईचना. मग लक्षात आलं, 'एसए' म्हणजे हिटलरची ती तपकिरी शर्ट घालून रस्त्यावर मारामाऱ्या करणारी फौज. तशीच नाझी काळाची आठवण देणारी 'एसएस', 'एनएस', 'एचजे', 'केझेड' ही अक्षरंही प्लेटवर मिळत नाहीत. तेव्हा गाडीचा नंबर आहे ईएस-एएस ८४. बाबा पुढं, आई मागं. नाइलाज होता. प्लेटा बनवणारं दुकान गाडी-नोंदणीच्या ऑफिससमोरच होतं. मशीनमधून अक्षरं उठवलेला पत्रा बाहेर आला तेव्हा हाताला कोमट लागला. तो घेऊन पुन्हा ऑफिसात जायचं, तिथं सरकारी शिक्का चिकटवतात, मग गाडी रस्त्यावर.

तर स्वस्तिक. नाझी पक्षाची चिन्हं इथं चारचौघांत दाखवणं कायद्यानं गुन्हा आहे. आपलं सरळ, त्यांचं तिरकं, आपल्याला चार टिंबं असतात, आपलं हजारो वर्षांचं: सगळं खरं, आणि तू फोनवर तावातावानं सांगितलंसही. पण रस्त्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटवर लालभडक स्वस्तिक दिसलं, तर समोरच्या आजींनी जवळ येऊन टिंबं मोजायची का? इथल्या फुटपाथांवर घरांसमोर तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले असतात. या घरात अमुक राहायचे, जन्म अमुक साली, अमुक साली उचलून नेलं, आणि खाली छळछावणीचं नाव. पिल्लू त्यांच्यावर पाय न देता उडी मारून जाते, तिला वाटतं तो खेळ आहे. ज्या गावात असे चौकोन आहेत तिथं माझ्या शुभचिन्हाचा हक्क सांगत बसायचं मला पटत नाही. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. आपल्या उंबऱ्यावरची खूण कुणीतरी चोरून नासवली याचा रागही येतो. पण राग त्या चोरांवर, शेजाऱ्यांवर नाही.

म्हणून असं केलं: स्वस्तिक घरात काढलं, देवासमोर पाटावर, तांदळाचं, तुझ्या पद्धतीनं, टिंबांसकट. गाडीची किल्ली त्यावर ठेवून पूजा केली. खाली बॉनेटवर कुंकवानं 'श्री' काढला आणि बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू वाहिला. आपट्याची पानं काही मिळाली नाहीत. चाकांखाली लिंबं ठेवली, जावयांनी गाडी पुढं घेण्याचं नाटक केलं (त्यांचं लायसन्स अजून व्हायचंय, हात माझाच होता), आणि मग चिरडलेली लिंबं गोळा करून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, नाहीतर दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी आली असती. रस्त्यावर बादली-फडकं घेऊन गाडी धुवायलाही मनाई, ती धुलाई केंद्रावरूनच आणली होती. नारळ घरी फोडला आणि त्याची बर्फी केली.

डॅशबोर्डवर आजोबांचा एक पितळी बिल्ला आहे: खांद्यावर बाळाला घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्तोफर, प्रवाशांचा राखणदार. आजोबा तो काढायला निघाले होते, मी म्हटलं राहू द्या. आपला वसुदेवच की तो. त्याच्या शेजारी तू पाठवलेली सप्तशृंगी लावलीय. दोघांचं बरं जमलंय.

आणि तुमच्या मनातल्या 'जावई बसणार आणि तू चालवणार?' याला उत्तर असं, की जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास बाईनंच केला, तोही याच भागात. १८८८ साली बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि बाबा, इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली! तुमच्या खात्यात नोकरी मिळाली असती बाईला.

बाकी इथं उंदरांऐवजी मार्टेन आहेत. मुंगसाच्या जातीचा वाटावा असा लांबडा प्राणी, रात्री बॉनेटखाली शिरून वायरी आणि रबरी नळ्या कुरतडतो. विम्यात त्याचं वेगळं कलम असतं, ते मी घेतलंय. शेजारी गाडीखाली तारेची जाळी अंथरतात. बाबांची बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायची युक्ती मी त्यांना सांगितली, ते विचारात पडलेत.

मोटारवेवर मी उजव्या लेननं ११०च्या आसपास जाते, आई, जीव मुठीत धरून बसू नकोस. वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत खरे, पण तिथंही १३०ची शिफारस आहे, आणि मला कुणाशी शर्यत लावायची नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला दाखवायचीच आहे. ट्रॅफिक तुंबला की कुणी न सांगता डाव्या लेनमधले सगळे डावीकडे सरकतात, बाकीचे उजवीकडे, आणि मधून रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी होते. रुग्णवाहिका आलेली नसतानाच! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा द्वारका चौकात अडकलेली ती सायरनवाली गाडी आठवली आणि मी गप्प झाले.

तर मे महिन्यात या. व्हिसाचे कागद दादूला समजावलेत. फ्रँकफर्टला घ्यायला मी येईन, दोनेकशे किलोमीटर आहे, मधे थांबत येऊ. आईला पुढची सीट, मागं बसून तिला मळमळतं. येताना आवळासुपारी आण, इथं मिळत नाही. बाबा मागं पिल्लूशेजारी. आणि बाबा, इंटरनॅशनल परमिट काढतो म्हणून जे चाललंय ते थांबवा. आजोबांचं वाक्य दोनदा वाचलंत ना?

तुमची,
ताई

ता. क. बाबा, आपल्या जुन्या मारुतीच्या विम्याचे 'नो क्लेम'चे कागद शोधून ठेवाल का? माझ्या नावावर होते ते. इथं क्लेम न केलेली वर्षं मोजून हप्ता उतरतो आणि मी शून्यापासून सुरू केलंय. भारतातली वर्षं धरतीलच असं नाही, एजंटनं मान हलवली, पण विचारायला काय जातंय. माळ्यावरच्या निळ्या सुटकेसमध्ये असतील. स्टुलावर तुम्ही चढू नका, दादूला चढवा.