मानशीचं दार

म्हापसा,
9 ऑगस्ट

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "तुम्ही लोक माणसाला मशीनवर नुसतं झुलवत ठेवता." तेव्हा मी गप्प बसलो. नाइट करून नुकताच आलो होतो, तोंडातून भलतंच काही गेलं असतं. काकांना जाऊन महिना झाला नाही, तुझा राग कळतो मला. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस धरलाय, म्हणून लिहायला बसलो.

जुलैत आमच्या आयसीयूत खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतला, एक शेतकरी आला. साठीचा. आधी ताप, मग डोळे पिवळे, लघवी बंद, आणि शेवटी खोकल्यातून रक्त. पावसात अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसाचं असं झालं की आम्ही पहिलं नाव लेप्टोचं घेतो, उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाचं. औषध जुनंच, पेनिसिलिनच्या घराण्यातलं. त्याचा गुण येईपर्यंत माणूस तगवायचा, तिथे आमची खरी कसोटी.

बीपी पडलं की सलाईन सोडावंसं वाटतं. पण ह्यांची फुप्फुसं आधीच भरलेली, एक बाटली जादा गेली की ऑक्सिजन खाली. मूत्रपिंडं तर पाणी टाकायलाच तयार नाहीत. मग दाब चढवणारं नॉरअॅड्रेनालिन लावून सरासरी दाब 65 च्या वर कसाबसा धरायचा, आणि डायलिसिसवर पाणी थोडं थोडं काढत राहायचं. दर तासाला तोच हिशेब, किती गेलं, किती आलं.

व्हेंटिलेटरचंही तसंच. पूर्वी मोठे मोठे श्वास देत. 2000 साली अमेरिकेतल्या 861 रुग्णांच्या अभ्यासात छोटे श्वास दिलेल्यांत मृत्यू 31 टक्के निघाले, मोठे दिलेल्यांत जवळजवळ 40. तेव्हापासून वजनकाटा नाही, टेप लागते, कारण श्वास उंचीवरून ठरतो. आमचा शेतकरी पाच फूट तीन इंच, म्हणून श्वासाला 340 मिली. तरी भागेना, तेव्हा पालथं घातलं. पाच जण लागतात त्याला. डोक्याशी मी, नळी मुठीत धरून, कारण ती सुटली तर सगळंच संपलं. "एक, दोन, तीन" आणि कूस. त्या रात्री एका सिस्टरकडे तीन पेशंट होते. तक्रार करतो, फाइलला लागते, पुढे काही होत नाही. असो.

आठव्या दिवशी गुंगीचं औषध कमी केलं, तर नवीनच त्रास. उजवा हात सारखा वर खाली. नळी उपटतील म्हणून मनगटं पट्टीने बांधली. बांधताना मलाच कसंतरी झालं. दुपारी मुलगी भेटायला आली, क्षणभर बघून म्हणाली, "ते मानशीचं, बांधातल्या मोरीचं, दार खाली सोडतायत. भरती आली की खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून." मग म्हणाली, चष्मा आणि कानातलं मशीन कुठंय? कॅज्युअल्टीत काढून पिशवीत टाकलेलं, पिशवी घरी. आठ दिवस आम्ही एका अर्ध्या बहिऱ्या माणसाला मराठी-इंग्रजीत "डोळे उघडा" सांगत होतो! दुसऱ्या दिवशी दोन्ही आली, सिस्टर कोंकणीत बोलली, रात्रीचे दिवे मालवले. एका रात्रीत उतार पडला असं नाही, पण पट्ट्या सोडता आल्या.

आता तुझा प्रश्न. ह्यांच्या शेजारच्या बेडवर तोच आजार होता, वय कमी, उपचार तेच. तो सहाव्या दिवशी गेला. पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर मी उलट सांगितलं असतं. नातेवाईक विचारतात, "बरो जातलो न्ही, दोतोर?" मी म्हणतो, तीन दिवस बघू. ते टोलवणं नसतं रे. तीन दिवसांनी आकडे कुठल्या बाजूला झुकतात ते खरंच बघतो, आणि बऱ्या बाजूला झुकले नाहीत तर घरच्यांना बसवून थांबण्याबद्दल बोलायला हवं. हे बोलणं आम्हाला नीट येत नाही. काकांच्या बाबतीत कोणी ते केलं नसेल, तर तिथे तुझं बरोबर आहे.

काकूंशी बोल. 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून शेवटच्या उपचारांबद्दलची आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते, आणि 2023 त त्याची पद्धत बरीच सोपी केलीय. आईचं मी ह्या महिन्यात करतोय. कागद पाठवीन.

आमच्या त्या शेतकऱ्याची नळी बाराव्या दिवशी काढली. घोगऱ्या आवाजात पहिलं विचारलं, "भरती केन्ना?" सिस्टरने मोबाइलवर बघून वेळ सांगितली, तर म्हणाले, मग मुलीला आत्ताच शेतावर धाड.

चवथीला येतोयस ना? आई तुझी वाट बघते.

तुझा,
पक्या