मणिपूरच्या मुलांचा प्रवेश टीसीवर अडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळला आणि सुमारे ६० हजार लोक घरादाराला मुकले. शिक्षण अर्धवट टाकून निघालेली काही मुले पार दक्षिणेत आली. बेळगावच्या वडगावात आमच्या वरच्या खोलीत चुराचांदपूरची दोन भावंडे भाड्याने राहत होती. थोरल्याचे बी.कॉम.चे दुसरे वर्ष सुटले होते. जवळ बारावीच्या मार्क्सकार्डाचा मोबाईलवरचा फोटो तेवढा. इथल्या एका कॉलेजने मूळ प्रत आणि टीसी, म्हणजे आधीचे कॉलेज सोडल्याचा दाखला, मागितला. त्याचे जुने कॉलेज इंफाळला. तिकडे जायची सोय नाही आणि इंटरनेटही कित्येक आठवडे बंद. क्लार्कने फाईल परत दिली, त्याच्याही हातात काही नव्हते. पोराचे वर्ष गेले, तो बेकरीत कामाला लागला.

जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या मुलांसाठी पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना आहे. वर्षाला ५ हजार जणांना ती मिळते. जागा कॉलेजच्या मंजूर संख्येपेक्षा जादा धरतात, फी भरली जाते, शिवाय राहण्या-जेवणाला वर्षाला १ लाख रुपये. ईशान्येच्या मुलांना 'ईशान उदय' आहे, साध्या पदवीला महिना ५,४०० रुपये. पण ती पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी. मधल्या वर्षात उठून आलेल्याने काय करायचे?

केरळच्या कन्नूर विद्यापीठाने २०२३ मध्येच याचे उत्तर दिले. मणिपूरच्या मुलांसाठी जादा जागा काढल्या आणि मूळ कागदपत्रे मागाहून द्यायची मुभा ठेवली. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पैसे देणारे भेटतात, कागदाची अट शिथिल करणारे भेटत नाहीत.

आपण सीमाभागातल्यांनी तरी हे ओळखायला हवे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी पात्रता ठेवलेली आहे. ती नसती तर अधिवासाच्या दाखल्यावरच आपली कितीतरी मुले मागे फिरली असती.

आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने येत्या प्रवेशापूर्वी असा निर्णय घ्यावा. मैतेई असो वा कुकी, मदत छावणीतला दाखला किंवा जुन्या विद्यापीठाच्या नोंदीवरून तात्पुरता प्रवेश द्यावा, मूळ कागद पदवी पूर्ण होईपर्यंत मागू नयेत, मागची वर्षे ग्राह्य धरावीत. फीमाफीबरोबर वसतिगृहाचा खर्चही उचलावा. बाहेर खोली घ्यायची तर डिपॉझिटलाच ही मुले अडतात. वडगाव, अनगोळ, टिळकवाडीतल्या घरमालकांनाही विनंती आहे, या मुलांकडून डिपॉझिट घेऊ नका. आमच्या खोलीला आम्ही घेत नाही.

विद्यापीठाने आपले म्हणणे याच सदरातून कळवावे, म्हणजे छावणीत बसलेल्या मुलांपर्यंत ते पोचवता येईल.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव