आईच्या वह्या रद्दीत देऊ नका

वॉर्सा, २० एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की पावसाळ्याआधी घराला रंग काढायचाय, माळा रिकामा करायला घेतलाय, आणि आईच्या हिशोबाच्या वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकू. मी नुसतंच "थांबा" म्हणाले. का थांबा, ते फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

काल १९ एप्रिल होती. १९४३ साली याच दिवशी इथल्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यूंनी जर्मन फौजेविरुद्ध हत्यार उचललं. दर वर्षी या दिवशी गावभर लोक छातीवर पिवळं कागदी डॅफोडिल लावतात आणि दुपारी बाराला भोंगे वाजतात. मला एका आजीबाईंनी ट्रामच्या थांब्यावर फूल दिलं आणि स्वतःच्या हातांनी टाचणी लावली. ते लावूनच मी त्लोमात्स्के रस्त्यावरच्या ज्यू इतिहास संस्थेच्या संग्रहालयात गेले.

आत पाय ठेवला की पहिल्यांदा जमीन बघावी लागते. दालनाच्या फरशीवर जळल्याचे डाग आहेत. ही इमारत पूर्वी ज्यूंचं ग्रंथालय होती आणि शेजारी त्यांचं सगळ्यात मोठं प्रार्थनामंदिर होतं. उठाव मोडून काढल्यावर १६ मे १९४३ रोजी जर्मनांनी ते सुरुंग लावून उडवलं. त्या आगीचे हे डाग. मंदिराच्या जागी आता काचेची निळी उंच इमारत आहे. मी डागांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत होते. त्याला काही अर्थ नव्हता, पण पाऊल पुढं टाकवेना.

आणि मग तो दुधाचा कॅन. आई, आपल्याकडं गवळी सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवून आणतो ना, तसाच. गंजलेला, मातकट. त्यात दूध नव्हतं, कागद होते.

एमानुएल रिंगेलब्लुम नावाचा एक इतिहासकार होता. नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टोला कुलूप लागलं. तीन-साडेतीन चौरस किलोमीटरच्या जागेत चार लाखांहून जास्त माणसं कोंडली. त्याच महिन्यात यानं पन्नास-साठ जणांना हाताशी धरून गुप्तपणे सगळं लिहून ठेवायचं ठरवलं. शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या दिवशी जमायचे म्हणून गटाचं नाव 'ओनेग शाबात', म्हणजे शब्बाथचा आनंद. त्यात शिक्षक होते, लेखक होते, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू होते, नुकती शाळा सोडलेली पोरं होती. आपल्याबद्दल पुढं फक्त मारणाऱ्यांचेच कागद उरतील, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी काय काय जमवलं बघा: रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोड गोळ्यांचे कागद, नाटकांच्या जाहिराती, मुलांचे निबंध, पावाचा भाव. बाबा, पावाचा भाव! आज किती, उद्या किती. उपाशी माणूस तो भाव लिहून ठेवत होता.

खेल्म्नोच्या छावणीतून निसटून आलेल्या एका माणसाची साक्षही त्यांनी लिहून घेतली आणि भूमिगत मार्गानं बाहेर पोचवली. गॅसनं माणसं मारतात हे जगाला कळावं म्हणून. जून १९४२ मध्ये बीबीसीवर पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी लागली तेव्हा रिंगेलब्लुमला केवढं समाधान वाटलं, ते त्याच्या रोजनिशीत आहे. पण २२ जुलैपासून गाड्या सुटू लागल्या आणि दोन महिन्यांत सुमारे अडीच लाख माणसं त्रेब्लिंकाला नेऊन मारली.

त्या धांदलीत, ऑगस्टच्या सुरुवातीला, इस्रायल लिख्टेनश्टाइन नावाच्या शिक्षकानं दोन विद्यार्थ्यांना घेऊन नोवोलिपकी रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात पत्र्याच्या दहा पेट्या पुरल्या. पुरण्याआधी प्रत्येकानं थोडं थोडं लिहून आत ठेवलं. दाविद ग्राबेर एकोणीस वर्षांचा होता. त्याचं वाक्य आता भिंतीवर आहे: "जे आम्ही जगाला ओरडून सांगू शकलो नाही, ते आम्ही जमिनीत पुरलं." लिख्टेनश्टाइननं आपली बायको, चित्रकार गेला सेक्श्टाइन, आणि मुलगी मार्गालित यांची आठवण ठेवा असं लिहिलंय. मार्गालित वीस महिन्यांची होती. त्यांच्यातलं कुणीच जगलं नाही. रिंगेलब्लुमलाही मार्च १९४४ मध्ये लपलेल्या तळघरातून बायको आणि मुलासकट पकडून मारलं.

गटातली तीनच माणसं युद्धानंतर जिवंत होती. त्यांनी विटांच्या ढिगाऱ्यात जागा शोधून दिली. १९४६ मध्ये पेट्या निघाल्या, १९५० मध्ये दुधाचे दोन कॅन. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. उठावाचा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच चोविसाव्या वर्षी पिस्तूल घेऊन लढला, त्याच्यापुढं मी हात जोडते. पण माझं मन त्या पावाच्या भावापाशी अडकून राहिलंय. तोही लढाच होता.

बाबा, तुमच्या मनात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं येईल. आजोबा सांगायचे ना, लढाईच्या वेळी गांधीनगरच्या जागी पोलिश लोकांची छावणी होती म्हणून. ते पाच हजार लोक वेगळे. त्यांना रशियानं सैबेरियात हाकललं होतं, तिथून सुटून ते आपल्याकडं आले. इथं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. परतताना तिथं जाऊन ते पिवळं फूल मी ठेवून आले. आपल्या गावाचं नाव बघून डोळे भरून आले.

तर वह्या. आईच्या रोजखर्चाची तुलना मी त्या कागदांशी करत नाही, करूही नये. पण मला आठवतंय, १९९३ च्या वहीत भाजी आणि रॉकेलच्या मध्ये "किल्लारी मदत ५१" असं आहे. २०१९ च्या पुरात पाच दिवस फक्त "दूध नाही" लिहिलंय. आई, तू कधी कुणाला दाखवायला लिहिलं नाहीस. आमची फी, आजीचं औषध, ज्या महिन्यात बाबांचा पगार झाला नाही तो महिना, हे सगळं तुझ्याशिवाय कुणीच टिपून ठेवलेलं नाही.

रंगारी येण्याआधी वह्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत भरा. ट्रंक माळ्यावर नको, तिथं गळतं. इथल्या पेट्यांना झाळलेलं नव्हतं, पाणी शिरलं आणि कितीतरी कागद वाचता येईनासे झाले. तेव्हा आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, खाली दोन विटा ठेवा. डिसेंबरात येईन तेव्हा एकेक पान बसून वाचू. आईचं अक्षर जिथं लागणार नाही, तिथं ती सांगेल.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
मनू